चर्चमधील लैंगिक अत्याचार : तक्रार आणि पीडितांना आधार

धर्मगुरू, धर्मभगिनी, धर्मशिक्षक किंवा चर्चच्या शाळा-वसतिगृहांतील कर्मचारी यांनी मुलांवर वा प्रौढांवर केलेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार करण्याची आणि पीडितांना आधार देण्याची व्यवस्था. भारतात तक्रारीचे दोन मार्ग आहेत : देशाचा फौजदारी कायदा आणि चर्चचा स्वतःचा धर्मकायदा. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, पण बिशपांना पत्र दिले म्हणजे पोलिसांत जायची गरज उरली नाही, असे होत नाही. प्रकरणे दडपली गेली ती बहुधा याच समजुतीचा आधार घेऊन. अमेरिकेत बोस्टन धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपांच्या अखत्यारीतील विभागात, आरोप झालेल्या फादरांची एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये नुसती बदली होत राहिली. २००२ मध्ये वृत्तपत्राने ते उघडकीस आणले आणि वर्ष सरता सरता तिथल्या कार्डिनलांना, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखांना, पायउतार व्हावे लागले.

पीडित व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर भारतात मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील वा सेवेतील माणसाने त्या संस्थेतील मुलावर केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर मानतो. कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. फादर, मुख्याध्यापिका, डॉक्टर, कोणीही सुटत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आपण आतल्या आत चौकशी करू’ या पळवाटेला इथे जागा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी माहिती दडवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले. वसतिगृह चालवणाऱ्या प्रत्येकाला तो निकाल लागू पडतो म्हणून त्याचा उल्लेख येथे केला आहे.

मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता आणि आईवडील किंवा विश्वासातले माणूस जवळ असताना घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करते. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचे असते; समिती खटला संपेपर्यंत कुटुंबासोबत राहणारी साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. केरळातील कोट्टियूर येथे एका फादरने अल्पवयीन मुलीवर केलेल्या बलात्काराच्या प्रकरणात मुलीच्या वडिलांनीच आधी गुन्हा स्वतःवर ओढून घेतला होता. ते धर्मगुरू पुढे दोषी ठरले. २०१९ मध्ये झालेली २० वर्षांची शिक्षा उच्च न्यायालयाने नंतर १० वर्षांवर आणली. भाविक घरावर केवढे दडपण येते, हे त्या एका खोट्या कबुलीवरून कळते. मुंबईतही २०१५ मधील अत्याचाराबद्दल एका धर्मगुरूला २०२१ मध्ये विशेष पोक्सो न्यायालयाने जन्मठेप सुनावली.

पापनिवेदनाचा, म्हणजे क्षमेसाठी फादरला खासगीत आपली पापे सांगण्याचा, प्रश्न नाजूक आहे. कॅथलिक धर्मकायद्यानुसार पापनिवेदनात ऐकलेले काहीही फादर बाहेर सांगू शकत नाही. पोक्सोत मात्र त्यासाठी सवलत लिहिलेली नाही. पापनिवेदनाबाहेर, म्हणजे कार्यालयात, फोनवर किंवा घरी भेटीत कळलेल्या गोष्टीला तर धर्मकायद्याचीही ही ढाल मिळत नाही.

चर्चचा स्वतःचा मार्ग पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या फर्मानाने आखला आणि २०२३ मध्ये तो कायमचा झाला. त्यानुसार प्रत्येक धर्मप्रांतात लोकांना सहज गाठता येईल अशी तक्रार यंत्रणा हवी. धर्मगुरू व धर्मभगिनींनी कळवणे बंधनकारक आहे. तक्रारदाराला गप्प राहण्याची अट घालता येत नाही. बिशपांविरुद्धची तक्रारही याच चौकटीत येते. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी, मेसेज आणि चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. हे नियम फक्त कॅथलिक चर्चचे आहेत. प्रोटेस्टंट चर्चेस आपापल्या घटनेने चालतात, आणि एकट्या पास्टरने उभारलेल्या स्वतंत्र प्रार्थनागृहाला तर अनेकदा वरिष्ठच नसतो. तिथे पोलीस हाच एक दरवाजा.

प्रौढांच्या बाबतीत तक्रार करायची की नाही हे पीडित व्यक्तीच ठरवते. गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. ठाण्याने टाळाटाळ केली तर पोलीस अधीक्षक आणि पुढे दंडाधिकारी आहेत. चर्चच्या शाळा-दवाखान्यात दहा वा अधिक कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे सक्तीचे आहे. धर्मभगिनींची अडचण वेगळीच. घर, जेवण, काम, म्हातारपण, सगळे त्यांच्या धर्मसंघाच्या हातात असते, त्यामुळे तक्रार म्हणजे डोक्यावरचे छप्पर पणाला लावणे. जालंधरचे बिशप फ्रँको मुलक्कल यांच्याविरुद्ध २०१८ मध्ये केरळातील एका धर्मभगिनीने बलात्काराची तक्रार केली. तिच्या पाच सहकारी धर्मभगिनी तिच्या बाजूने कोचीत रस्त्यावर बसल्या, तेव्हा कुठे अटक झाली. कोट्टायमच्या न्यायालयाने २०२२ मध्ये बिशपांना निर्दोष ठरवले. मुलक्कल यांनी २०२३ मध्ये राजीनामा दिला.

आधार देताना चर्चने समुपदेशनाचा खर्च उचलणे योग्यच. पण समुपदेशक चर्चच्या पगारावरचा नसावा, नाहीतर सांगितलेले कुठे पोहोचेल याची धास्ती राहते. पुण्यातील ‘स्त्रीवाणी’ ही संस्था धर्मभगिनींनाही कायदेशीर मदत देते. मानसिक आधारासाठी १४४१६ हा सरकारी ‘टेली-मानस’ क्रमांक, महिलांसाठी १८१ आणि ‘सखी’ केंद्रे आहेत. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर मोफत उपचार करायचे असतात. पीडित व्यक्तीचे नाव छापणे गुन्हा आहे, आणि धर्मग्रामाचे, म्हणजे स्थानिक चर्चचे, पत्रकही त्यातून सुटत नाही. कळवळ्याने छापले म्हणून माफी नाही. महाराष्ट्रात ‘मनोधैर्य’ योजनेतून अर्थसाहाय्य मिळते. त्याचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो आणि मोफत वकीलही तिथूनच मिळतो.