बेसिन पावणेतीन फुटांवर, लेकरू सव्वातीन फुटांचं

उत्तर नागपुरातल्या एका अंगणवाडीत हात धुवायला नवंकोरं बेसिन लागलं, जमिनीपासून पावणेतीन फुटांवर. चार वर्षांचं लेकरू असतं सव्वातीन फुटांच्या आसपास. बेसिनची कड त्याच्या हनुवटीला टेकते, नळ तर पार मागे.

संडासही मोठ्यांच्याच मापाचा. भांड्यावर पाय फाकतात, खाली मोठं भोक, आत अंधार. ‘‘पोट्टे अंदर जायले भेतात न जी, नालीवरच बसतात मंग,’’ सेविकाताई म्हणाल्या.

त्यात लहान मुलाच्या शीनं काय होतंय, हा घरोघरचा समज. होतं असं की जुलाबाचे संसर्ग पाच वर्षांखालच्यांनाच जास्त. रोटाव्हायरस झालेल्या बाळाच्या एक ग्रॅम विष्ठेत अब्जावधी विषाणू असतात. दुसऱ्याला आजारी पाडायला शंभरही पुरतात.

नालीतली ही घाण नळाच्या पाण्यात येते कशी? नागपूरला मिळणारं पेंच-कन्हान नद्यांचं पाणी शुद्ध होऊनच निघतं. पण पुरवठा थांबला की पाइपातला दाब पडतो आणि फुटक्या जोडातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. नळातून पाणी खेचणारा छोटा टिल्लू पंप लावला की ही ओढ आणखी वाढते. चोवीस तास पाणी ही म्हणूनच निव्वळ चैन नव्हे. सतत दाब असला की घाणीला आत शिरायला वाव मिळत नाही.

नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, क्लोरीन नसेल तर पांढरंच राहतं. दोन नळांचं पाणी मुलांच्या आयांसमोर असं शेजारीशेजारी ठेवून बघा. माझ्या मते तासभराच्या भाषणाचं काम ते दोन मिनिटांत करतं.

शाळेत 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं व्यवस्थापन समिती आहे, तीत 75 टक्के पालक. अंगणवाडीतल्या मुलांच्या आयांना मात्र मागणी घेऊन महापालिकेच्या झोन कार्यालयात स्वतःच जावं लागतं. ‘सोयी अपुऱ्या आहेत’ असा अर्ज फायलीत झोपतो. ‘बेसिन 84 सेंमी, मुलं सरासरी 100 सेंमी, पुढे 15 सेंमीचा ओटा हवा’ असं लिहिलं की अभियंत्याला लगेच एस्टिमेट काढता येतं. टेप धरायला मुलं आनंदानं येतात.

त्या अंगणवाडीत ओटा झाला. संडासात खिडकी आली, लहान भांडंही बसलं. दाराची कडी तेवढी अजून माझ्या खांद्याला लागते.