मानीव अभिहस्तांतरण

मानीव अभिहस्तांतरण : बिल्डरने स्वतःहून खरेदीखत करून दिले नाही, तर इमारत आणि तिच्याखालची जमीन सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने गृहनिर्माण संस्थेच्या नावावर करून घेण्याची महाराष्ट्रातील कायदेशीर पद्धत. बोलताना सगळे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ म्हणतात.

करारनामा नोंदवला, इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा उतारा) हाती आला, भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) मिळाले, की जागा आपली झाली अशी बहुतेक सभासदांची समजूत असते. त्या करारनाम्याने जमीन मात्र जागची हलत नाही. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) ताजा उतारा काढावा आणि ‘धारक’ रकाना वाचावा. तीस वर्षे राहत्या इमारतीच्या उताऱ्यावरही तिथे मूळ जमीनमालकाचे, कधी कधी त्याच्या मयत वडिलांचे नाव निघते. हे नाव तसेच असेल तोवर पुनर्विकासाच्या वेळी उरलेल्या चटई क्षेत्रावर (एफएसआय) आणि टीडीआरवर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्कांवर, बिल्डर हक्क सांगतो, आणि संस्थेची बोलणी तिथेच अडतात. रस्तारुंदीत जागा गेली तर मोबदलाही उताऱ्यावरच्या धारकाकडे जाण्याची भीती असते.

मूळ तरतूद ‘मोफा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६३ च्या सदनिका अधिनियमात आहे. कलम ११ नुसार अभिहस्तांतरण हे प्रवर्तकाचे, म्हणजे बिल्डरचे, कर्तव्य असून नियमांप्रमाणे मुदत संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांची आहे. कलम १३ मध्ये कसुरीबद्दल तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. पण बिल्डरला शिक्षा झाली तरी जमीन संस्थेच्या नावावर होत नव्हती. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने बिल्डरच्या सहीवाचून अभिहस्तांतरणाची वाट काढली आणि २०१० मध्ये तिचे नियम आले. १ मे २०१७ पासून लागू असलेल्या रेरामध्येही (स्थावर संपदा कायदा) अभिहस्तांतरणाची जबाबदारी प्रवर्तकावरच आहे.

कंडोमिनियमची गोष्ट वेगळी. १९७० च्या अपार्टमेंट अधिनियमाखाली घोषणापत्र नोंदवलेल्या इमारतीत जमीन असोसिएशनच्या नावावर होत नाही. प्रत्येक मालकाला अपार्टमेंटच्या खरेदीखताने जमिनीतला अविभक्त हिस्सा मिळतो. आपली इमारत ‘सोसायटी’ की ‘अपार्टमेंट’ हे आधी कागदावरून ठरवावे. निव्वळ पाटीवरून ठरवणाऱ्यांचा अर्ज चुकतो.

अर्ज नमुना ७ मध्ये, २,००० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह, जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायचा. सक्षम प्राधिकारी तेच. आधी सर्वसाधारण सभेचा ठराव करावा आणि प्रवर्तकाला वकिलामार्फत नोटीस द्यावी. सोबत संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, करारनाम्याची प्रत, सभासदांची यादी व त्यांचे इंडेक्स टू, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, वास्तुविशारदाचे क्षेत्राचे प्रमाणपत्र आणि दस्ताचा मसुदा जोडतात. भोगवटा दाखला नाही म्हणून शेकडो अर्ज कपाटात पडून होते. २२ जून २०१८ च्या शासन निर्णयाने त्याऐवजी संस्थेची स्वयंघोषणा चालते. सुनावणीत प्रवर्तकाला म्हणणे मांडण्याची संधी मिळते आणि निर्णय सहा महिन्यांत व्हावा असे कायदा सांगतो.

अर्ज अडतो तो बहुधा तीन ठिकाणी. पहिले, करारनाम्यात सर्व्हे नंबर आणि हिस्सा असतो, तर मिळकत पत्रिकेवर सिटी सर्व्हे नंबर. दोन्ही जुळवणारा कागद जोडलेला नसतो. दुसरे, उताऱ्यावरच्या मालकांपैकी कुणी वारले असतात आणि वारसांना पक्षकार केलेले नसते. एका जरी वारसाला नोटीस पोहोचली नाही, तरी तेवढ्यावरून पुढे आदेशाला आव्हान मिळू शकते. तिसरे आणि सर्वांत मोठे म्हणजे क्षेत्र. करारनाम्यात जमिनीचे जे वर्णन आहे त्याहून जास्त मागितले की प्रकरण चिघळते.

एकाच लेआउटमध्ये अनेक इमारती असतील तर बांधकाम क्षेत्राच्या प्रमाणात वाटणी होते. समजा, भूखंड ४,००० चौरस मीटरचा आणि तीन इमारतींचे बांधकाम अनुक्रमे १,५००, १,५०० व ३,००० चौरस मीटर आहे. मग वाटे १,०००, १,००० आणि २,००० चौरस मीटरचे पडतात. अंतर्गत रस्ता आणि मनोरंजनाचे मैदान सगळ्यांचे सामाईक राहते. शेजारच्या संस्थेला आधी विश्वासात घेतले तर हरकतींची एक फेरी वाचते.

सक्षम प्राधिकारी मालकी हक्काचा अंतिम निवाडा करत नाही. तो कायद्याने ठरलेले कर्तव्य पार पडले की नाही एवढेच पाहतो. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयाचा. हे उच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे, तरी बिल्डरचे वकील सुनावणीत टायटलचा वाद काढून तारखा घेतात. संस्थेने तिथे कलम ११ आणि करारनामा यांपलीकडे वाहवत जाऊ नये.

आदेश आणि प्रमाणपत्र मिळाले की पेढे वाटले जातात, आणि कित्येक संस्था तिथेच थांबतात. खरे काम पुढे आहे. दस्ताचा मसुदा आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे मुद्रांक शुल्क ठरवून घेण्यासाठी, जातो. ज्या सदनिकांच्या करारनाम्यांवर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेले आहे, त्यांची वजावट मिळते; म्हणून प्रत्येक सभासदाचा पुरावा हवा. १० डिसेंबर १९८५ पूर्वीचे करारनामे पाच रुपयांच्या स्टॅम्पवर झालेले असतात, त्यांच्या वाट्याचे शुल्क आता भरावे लागते. त्यानंतरच्या काळातले, पण शुल्क कमी भरलेले करारनामे निघाले तर तूट आणि दंड दोन्ही. हा खर्च कुणी सोसायचा, सगळ्यांनी की त्या त्या सभासदाने, यावर सभा गाजतात. ठराव अर्जाआधीच झालेला बरा.

मग दुय्यम निबंधक प्रवर्तकाला समन्स काढतो, आणि समाधानकारक कारण पुढे आले नाही तर दस्त एकतर्फी नोंदवतो. नोंदलेला दस्त आणि इंडेक्स टू घेऊन नगर भूमापन कार्यालयात, गावठाणाबाहेर असेल तर तलाठ्याकडे, फेरफाराचा अर्ज द्यायचा. हरकतीची मुदत संपून नोंद प्रमाणित झाली की उताऱ्याची नवी प्रत काढावी आणि धारकाच्या रकान्यातले संस्थेचे नाव नोंदणी क्रमांकासह बरोबर छापले आहे का, क्षेत्र आदेशाइतकेच आहे का, हे अक्षर न् अक्षर तपासून घ्यावे.