मकदालाची लूट: वस्तूचा उगम आणि तिचे हस्तांतर

संग्रहालयातील वस्तूविषयी ‘ही कुठली?’ असे विचारताना आपण दोन प्रश्न एकत्र करतो. उगम म्हणजे वस्तू कोणी, कोठे, केव्हा घडवली. हस्तांतराचा इतिहास म्हणजे ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली आणि दर वेळी ती दिली, विकली की हिसकावून घेतली.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील इथिओपियाचा सोन्याचा चषक घ्या. त्याचा उगम त्याच्याच अंगावर लिहिलेला आहे. सम्राट दुसरा इयासू आणि त्याची आई मेंतेवाब यांनी अठराव्या शतकात तो तेव्हाची राजधानी गोंदर हिच्याजवळच्या क्वेस्क्वामच्या चर्चला अर्पण केल्याचे कोरीव लेख सांगतो. मात्र तो लंडनला कसा पोहोचला, हे त्या लेखात असणे शक्यच नाही. सम्राट तेवोद्रोस याने गोंदरच्या चर्चांमधील संपत्ती मकदालाच्या गडावर नेली. पुढे ब्रिटिशांच्या मुंबई लष्कराचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर याच्या फौजेने १३ एप्रिल १८६८ रोजी तो गड घेतला, तेव्हा तेवोद्रोसने स्वतःला गोळी घालून घेतली आणि गड लुटला गेला. १५ हत्ती आणि सुमारे २०० खेचरांवर लादलेली ही लूट दलांताच्या पठारावर लिलावात विकून पैसे सैनिकांना वाटण्यात आले. म्हणून त्या लिलावातील खरेदीची नोंद दाखवून मालकी सिद्ध झाली असे म्हणणे मला मान्य नाही. त्या नोंदीच्या मागची कडी लुटीची आहे.

दोन्ही प्रश्नांची गल्लत किती महागात पडते, हे ‘क्वेराता रेसू’ या काटेरी मुकुटधारी ख्रिस्ताच्या चित्रावरून कळते. शैलीने ते सोळाव्या शतकातील युरोपीय आहे, त्यामुळे केवळ उगम पाहणारा त्याला युरोपचे ठरवील. पण इथिओपियाचे सम्राट ते पिढ्यान्‌पिढ्या रणांगणावर सोबत नेत आणि त्याच्यासमोर शपथा घेतल्या जात. ते मकदालाहून ब्रिटिश म्युझियमचा प्रतिनिधी रिचर्ड होम्स याने उचलले आणि संग्रहालयाकडे न देता स्वतःजवळ ठेवले. १८७२ मध्ये सम्राट चौथा योहान्नेस याने व्हिक्टोरिया राणीकडे ‘केब्रा नागास्त’ हा इथिओपियाच्या राजवंशाची कथा सांगणारा ग्रंथ आणि हे चित्र परत मागितले. ग्रंथ परत गेला. चित्राचा मात्र काहीच माग लागत नाही, असे उत्तर राणीने पाठवले; त्या वेळी होम्स विंडसरच्या किल्ल्यात राणीचाच ग्रंथपाल होता.