पार्श्वभूमी : गुरुत्वीय लहरींची खबर आधी कोणाला?

फेब्रुवारी 1987 मध्ये मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या अतिनवताऱ्याचा, म्हणजे स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्याचा प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी जमिनीखालच्या शोधक-उपकरणांनी त्याचे जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो (पदार्थातून सहज आरपार जाणारे सूक्ष्म कण) टिपले. एकाच घटनेचा प्रकाश आणि दुसरा एखादा संकेत, अशी जोडी पुढे बराच काळ जमली नाही.

सप्टेंबर 2015 मध्ये दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आलेल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातले तरंग, प्रथमच सापडल्या. वाद मात्र वेगळ्याच गोष्टीवर होता: दुर्बिणींनी प्रकाश शोधावा म्हणून अशा घटनेची सूचना कोणाला द्यायची? पहिल्या काही शोधांचे निबंध प्रसिद्ध होईपर्यंत ती फक्त करार केलेल्या गटांना, गोपनीयतेच्या अटीवर मिळे. उपकरणे नवी, गोंगाटालाच संकेत समजले तर मोठ्या दुर्बिणींचा वेळ फुकट जाईल, अशी भीती होती. ती खोटी नव्हती. पण न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरलेल्या अतिघन गाभ्यांच्या) टकरीतली निळी चमक एक-दोन दिवसांत विझते; कराराबाहेरच्या दुर्बिणीला ती पुन्हा दिसणार नसते. हा तोटा निर्णय घेताना फारच कमी लेखला गेला.

17 ऑगस्ट 2017 ला नेमकी तशीच टक्कर नोंदली गेली. सुमारे 100 सेकंद लहरी आल्या आणि विलीनीकरणानंतर 1.7 सेकंदांनी गॅमा किरणांचा स्फोट. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनच्या लहरी टिपणाऱ्या उपकरणाच्या नोंदीत त्याच वेळी गोंगाटाचा झटका आल्याने आकाशातली जागा दाखवणारा नकाशा निघायला काही तास गेले. तरी सुमारे 11 तासांत 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी 4993 दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. क्ष-किरण नवव्या दिवशी दिसले, रेडिओ लहरी सोळाव्या. गॅमा स्फोटाची सूचना जगभर खुली होती. त्याच्या जोडीला लहरीही आल्यात, हे मात्र करारातल्यांनाच अधिकृतपणे कळले. इतरांच्या वाट्याला 16 ऑक्टोबरच्या घोषणेपर्यंत अफवाच आल्या.

एप्रिल 2019 पासून सूचना सर्वांसाठी खुल्या झाल्या. त्यांतल्या बऱ्याच मागे घ्याव्या लागल्या, पण त्या मागे घेतल्याचेही सगळ्यांना कळत होते. उणीव वेगळीच राहिली. सूचनेत जागा, अंतर आणि घटनेच्या प्रकाराची शक्यता असे, वस्तुमान नसे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णविवर आणि न्यूट्रॉन तारा यांच्या विलीनीकरणाची दाट शक्यता कळवली गेली, अनेक दुर्बिणी तिकडे वळल्या, प्रकाश कुठेच सापडला नाही. सूर्याच्या सुमारे 23 पट वस्तुमानाच्या कृष्णविवरात 2.6 पट वस्तुमानाची वस्तू विलीन झाली होती, हे जून 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. ती वस्तू आजवरचा सर्वांत जड न्यूट्रॉन तारा की सर्वांत हलके कृष्णविवर, यावर अजून एकमत नाही. एवढ्या जड कृष्णविवराने न्यूट्रॉन ताराही न फाडता गिळला असता, म्हणजे प्रकाशाची आशा मुळातच थोडी होती. दुर्बिणी वळवणाऱ्यांना ते आकडे त्या रात्री हवे होते.