पाचातल्या चार विहिरी

"माही इहीर कुठी गेली बाप्पा?"

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाचा नकाशा लावला त्या सकाळी एका आजोबांचा हा पहिला प्रश्न. पाझर तलाव होता, गावठाण होतं, पांदण तुटक तुटक का होईना पण होती. त्यांची विहीर मात्र नव्हती. नकाशा मीच केला होता. मूळ फाईलमध्ये हवाई छायाचित्रावरून तिचा गोल काठ मीच काढला होता. ती कुणी पुसली नव्हती, रूपांतर करताना गळली होती.

संगणकातले नकाशे दोन जातीचे. एक रेषांचा, म्हणजे व्हेक्टर. त्यात धुरा कुठून कुठे जातो ते अक्षांश-रेखांशांत लिहिलेलं असतं. दुसरा चौकटींचा, म्हणजे रास्टर. जमिनीवर फरशा बसवाव्यात तशा चौकटी आणि प्रत्येकीत एक आकडा. उपग्रहाचं चित्र या दुसऱ्या जातीचं. २०१५ पासून फिरणाऱ्या सेंटिनेल-२ ची बारीकात बारीक चौकट १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहितात ना, त्यातला बरोबर एक आर! १ हेक्टर २० आरचं वावर म्हणजे साधारण १२० चौकटी. हा योग मला फार आवडतो. म्हणून पिकाच्या चित्राशी जुळवायला मी गावाचा नकाशाही १० मीटरच्याच चौकटीत बदलला.

आता विहीर कशी गळते ते बघा. कपाशी टोबताना आपण उभ्या-आडव्या रेघा पाडतो आणि त्या जिथे कापतात तिथेच सरकी टाकतो. मधल्या जागेला कुणी विचारत नाही. रूपांतर करणारा प्रोग्रॅमही असंच करतो. प्रत्येक चौकटीच्या मध्यबिंदूवर थांबून तो एकच प्रश्न विचारतो, "इथे काय आहे?" जे उत्तर येईल ते अख्ख्या चौकटीला लागू.

पाच मीटर व्यासाच्या विहिरीचं क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे चौकटीचा पाचवा हिस्सा. म्हणून तिच्यात मध्यबिंदू पडण्याची शक्यताही पाचात एक. पाच विहिरींतल्या चार साफ गायब होतात आणि वाचलेली एक पाचपट फुगून पूर्ण आरभर होते. पण बेरीज करा. पाच विहिरींचं खरं क्षेत्र सुमारे ९८ चौरस मीटर, नकाशावर १००. एकेका विहिरीबद्दल साफ खोटं आणि एकूण क्षेत्राबद्दल जवळजवळ खरं! विहिरी जितक्या जास्त, तितकी बेरीज खरी ठरत जाते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीवर गोल काढत रात्री उशिरापर्यंत बसलो होतो.

चौकटीला नुसता स्पर्श झाला तरी भरा, असाही पर्याय असतो. मग सगळ्या विहिरी परत येतात. पण पाच मीटरची विहीर सरासरी दोनाहून थोड्या जास्त चौकटींना शिवते. ५० विहिरींचं खरं क्षेत्र जेमतेम १० आर, नकाशावर ते सुमारे ११० आर होतं. पाण्याचा हिशेब त्यावरून मांडला तर गाव बुडालंच.

"मग एक मीटरवर करा ना," असं पोरं लगेच म्हणतात. रेषांचा नकाशा नीट काढलेला असेल तर जरूर करावं; किंमत एवढीच की चौकटी शंभरपट होतात. ३० किलोमीटर बाय ३० किलोमीटरच्या भागाला १० मीटरवर ९० लाख लागतात, एक मीटरवर ९० कोटी. उपग्रहाच्या चित्राची गोष्ट वेगळी. त्याची एक चौकट शंभरात कापली तर तोच आकडा शंभरदा लिहिला जातो, नवीन काही दिसत नाही. असे ताणून गुळगुळीत केलेले रंगीत नकाशे "तुमच्या गटातलं पाणी दाखवतो" म्हणून विकले जातात तेव्हा मला तळहातावर नारळ उभा करून बोअरची जागा सांगणारा आठवतो. पश्चिम विदर्भातल्या काळ्या कातळात पाणी असतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. ते नारळाला कळत नाही, आणि ताणलेल्या चित्रालाही नाही.

जीडॅल किंवा क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये चौकटीचा आकार दोन प्रकारे सांगता येतो, चौकटीची लांबी-रुंदी देऊन किंवा स्तंभ आणि ओळींची संख्या देऊन. मी आधी संख्या दिली होती, ४०० बाय ३००. गावाचा विस्तार ४,१३० बाय ३,०८० मीटर. चौकट झाली १०.३२५ बाय १०.२६७ मीटरची, म्हणजे १०६ चौरस मीटर. आर गेला! म्हणून आकार द्यावा, आणि कडा त्या आकाराच्या पटीत बसवणारा 'टॅप' पर्यायही लावावा. नाहीतर दोन नकाशांच्या चौकटी अर्ध्या-अर्ध्या सरकतात आणि एकाच्या तुरीवर दुसऱ्याचा धुरा येतो.

आणि एकक बघा. फाईल अंशांत असताना आकार १० दिला तर ते दहा अंश होतात. एवढ्या एका चौकटीत अख्खा महाराष्ट्र मावेल. आधी मीटरच्या यूटीएम पट्ट्यात या, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येकात मीटरने मोजायच्या पद्धतीत. पट्टा बदलणारा ७८ अंश रेखांश आपल्या विदर्भातूनच जातो, अमरावती ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात आणि वर्धा ४४ मध्ये.

दुसऱ्या छपाईत जमिनीच्या चौकटी १० मीटरच्याच ठेवल्या. विहिरी मात्र चौकटीत घातल्याच नाहीत, रेषांच्या फाईलमधून निळे ठिपके म्हणून वर छापल्या. आजोबांनी पाझर तलावापासून बोट सरकवत आणलं, धुऱ्याशी थांबवलं आणि शेजारच्याची विहीरही तपासली.