कराओकेत जे-रॉक आलं कुठून, आणि ठराविकच गाणी का गायली जातात

जपानी गाण्यांचं वेड असलेल्या मंडळींत एक प्रश्न हमखास येतो, कराओकेला (नुसती साथ वाजते आणि गायचं आपण) गेलो तर कुठलं गाणं लावायचं, आणि उत्तरं बघितली तर तीच तीच नावं फिरत असतात, ब्लू हार्ट्स, स्पिट्झ, मोंगोल ८०० असे जे-रॉकचे म्हणजे जपानी रॉकचे बँड, ॲनिमेची (जपानी ॲनिमेशन मालिकांची) ओपनिंग्ज, हल्लीचं हिगेदान, तोही बँडच. ही यादी कुणी बसून केलेली नाही. माझं स्पष्ट मत आहे की गाण्यांच्या दर्जापेक्षा मशिननेच ती जास्त घडवली, म्हणजे मशिन कुठे ठेवलं होतं, समोर कोण बसलेलं असायचं, आणि नवीन गाणं त्यात यायला किती वेळ लागायचा, यावर बरंचसं ठरत गेलं. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

टोकियोत शिगेइची नेगिशी यांनी १९६७ मध्येच 'स्पार्को बॉक्स' नावाचं मशिन केलं होतं, पण आपण आज जो कराओके ओळखतो त्याची गोष्ट बहुतेकदा कोबे शहरापासून सांगतात. दाइसुके इनोउए हे तिथल्या बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणारे वादक. त्यांच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला, कंपनीचा मालक होता तो, बाहेरगावच्या सहलीत गायचं होतं आणि इनोउएंना सोबत जाणं शक्य नव्हतं, मग त्यांनी त्या माणसाला जमेल अशा पट्टीत आणि लयीत साथ टेप करून दिली. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, की गाणाऱ्याने ओरिजिनलच्या मागे फरफटत जायचं नाही, साथीने गाणाऱ्याला सांभाळून घ्यायचं, हे पहिल्या टेपपासूनच होतं, आणि आज जे लोक 'की' म्हणजे पट्टी खाली घेणं म्हणजे कमीपणा समजतात त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. १९७१ मध्ये त्यांनी 'ज्यूक-८' ची ११ मशिन्स बनवून घेतली, गाडीत वाजायची तसली ८-ट्रॅक टेप, ॲम्प्लिफायर, माइक आणि १०० येनचं नाणं टाकायची पेटी, आणि ती भाड्याने बारमध्ये ठेवली. पेटंट घेतलंच नाही, २००४ मध्ये इग नोबेलचं (नोबेलची गमतीदार नक्कल) शांतता पारितोषिक मात्र मिळालं.

आता ही मशिन्स बसली कुठे, तर स्नॅक बारमध्ये. छोटी जागा, काउंटरमागे मालकीणबाई जिला सगळे 'मामा' म्हणजे आई म्हणतात, समोर ऑफिस सुटल्यावर आलेले नोकरदार, त्यात साहेबही आणि हाताखालचेही. अशा ठिकाणी अनोळखी लोकांसमोर उभं राहून गायचं, तर एन्का (दर्दभरी पारंपरिक ढंगाची गाणी), जुनी कायोक्योकू म्हणजे जपानी पॉप, बाई-पुरुषांची ड्युएट असलीच गाणी चालणार. रॉक ऐकणारी कॉलेजची पोरं तिथे येतच नव्हती, पैसेही नसायचे आणि वातावरणही त्यांचं नव्हतं.

त्याच काळात तिकडे रॉकवाल्यांचा वेगळाच वाद चालू होता, की जपानी भाषेत रॉक होऊ शकतो का. रॉक गायक युया उचिदा यांच्यासारखे लोक म्हणत होते इंग्रजीतच गायला पाहिजे, तर हॅपी एंड हा बँड हट्टाने जपानीत गात होता. अडचण खरी होती, कारण जपानीत जवळपास प्रत्येक अक्षराला आपापला सूर लागतो, सुटा 'न्' आला तरी त्याला वेगळी जागा द्यावी लागते, त्यामुळे रॉकच्या ठेक्यात शब्द मावायचे नाहीत. हॅपी एंडने १९७० आणि १९७१ च्या अल्बममधून दाखवलं की मावतात. त्यांचे ड्रमर आणि गीतकार ताकाशी मात्सुमोतो पुढे सेइको मात्सुदासारख्या आयडॉल गायिकांसाठी हिट गाणी लिहायला लागले, म्हणजे रॉकमध्ये घडलेली भाषा सरळ पॉपमध्ये गेली. मग १९७८ मध्ये केइसुके कुवाता यांचा सदर्न ऑल स्टार्स हा बँड आला आणि त्यांनी इतक्या वेगात, इंग्रजीच्या वळणाने जपानी शब्द फेकले की जुन्या पिढीला काही कळेना. आज कराओकेत जे-रॉक गाताना जिथे जीभ अडखळते ना, त्या जागांचं मूळ या दहा वर्षांत आहे.

मशिनच्या बाजूला खरं वळण आलं १९८५ मध्ये, ओकायामा भागात. कुणीतरी मालवाहतुकीचा जुना कंटेनर घेतला, आत सोफा आणि मशिन टाकलं, आणि ती खोली तासावर भाड्याने द्यायला सुरुवात केली. बस, कराओके बॉक्स तयार. ओकायामा हे नाव पुणेकरांना नवीन नाही, सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, तिथल्या प्रसिद्ध कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. तर त्या ओकायामातून हे बॉक्स देशभर पसरले. चार मित्रांची बंद खोली, दारूची सक्ती नाही, साहेब नाही, अनोळखी कुणी नाही, आणि पैसे गाण्यागणिक न मोजता वेळेप्रमाणे. शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना पहिल्यांदा ओरडायला जागा मिळाली, आणि ओरडायचं म्हणजे रॉकच हवं.

योगायोग बघा, ब्लू हार्ट्सचे गायक हिरोतो कोमोतो हेही ओकायामाचेच. त्यांचं 'लिंदा लिंदा' १९८७ चं. सुरुवात संथ, जवळजवळ एकट्याने म्हटल्यासारखी, आणि मग ड्रम घुसले की अख्खी खोली सोफ्यावर उभी. चाल साधी, सूरांची कसरत नाही, साबी म्हणजे आपल्या भाषेत धृपद म्हणा, ते दोन शब्दांत पाठ होतं. पहिल्यांदा गाणाऱ्याला मी डोळे मिटून हेच सांगेन. त्याच लाटेत टीबीएस या टीव्ही चॅनेलवर १९८९-९० मध्ये 'इकातेन' हा बँडचा स्पर्धा-शो शनिवारी रात्री उशिरा लागायचा, बोओई या बँडने रॉकला चार्टवर नेऊन ठेवलं होतंच, आणि फक्त मुलींचा बँड असलेल्या प्रिन्सेस प्रिन्सेसचं 'डायमंड्स' १९८९ चं ओरिकॉनचं (जपानचा विक्रीचा चार्ट) वर्षातलं नंबर एक सिंगल ठरलं. क्रीडास्पर्धेसारखा उंच आवाज लावायचा शौकही तेव्हाचाच, एक्स या बँडचं 'कुरेनाई' १९८९ चं, ते आजही लोक लावतात आणि पहिल्या साबीनंतर घसा बसवून घेतात.

तरी एक अडचण राहिली होती. १९८२ पासून लेझरडिस्क आल्या होत्या, स्क्रीनवर शब्द दिसायचे, पण नवीन गाणं यायचं म्हणजे नवीन डिस्क छापून दुकानात पोहोचायला पाहिजे. १९९२ मध्ये फोनच्या लाइनवरून गाणी पाठवणारं कराओके सुरू झालं, जॉयसाउंड ही सेवा तेव्हाचीच, आणि दाइइची कोशो कंपनीचं डॅम १९९४ चं. लाइनवरून आवाज जायचाच नाही, फक्त मिडीचा डेटा जायचा, कुठला सूर कधी वाजवायचा एवढंच, आणि मशिन ते तिथल्या तिथे वाजवायचं. त्यामुळे रेकॉर्ड आली की थोड्याच दिवसांत बॉक्समध्ये हजर. शिवाय मिडी असल्यामुळे पट्टी वर-खाली करणं म्हणजे एक बटण. एवढंसं वाटतं पण पुढच्या सगळ्या जे-रॉकवर याचा परिणाम झालाय.

कारण आता कंपन्या गाणी करतानाच बघायला लागल्या की लोक हे गातील का. ८ सेंटीमीटरच्या छोट्या सीडी सिंगलवर पुष्कळदा त्याच गाण्याचा कराओके ट्रॅकही दिलेला असायचा, घरी प्रॅक्टिस करा आणि शनिवारी बॉक्समध्ये जा. टीव्ही मालिका किंवा जाहिरातीशी टाय-अप, सुरुवातीलाच साबी, शब्द स्पष्ट. झार्डचं १९९३ चं 'माकेनाइदे', मिस्टर चिल्ड्रनची १९९४ ची गाणी, स्पिट्झचं 'रॉबिन्सन' १९९५ आणि 'चेरी' १९९६, ही सगळी या काळातली, आणि म्हणूनच आज तिथले चाळिशी-पन्नाशीचे लोक आणि त्यांची कॉलेजातली मुलं दोघांनाही येतात. ऑफिसच्या लोकांबरोबर गेलात तर 'चेरी' घ्या, हे मी बिनधास्त सांगतो. पण मासामुने कुसानो यांचा आवाज मुळात उंच, तर पुरुषांनी दोन-तीन पायऱ्या खाली घ्यायची लाज बाळगू नये. आवाज खालचा, जाड असेल तर बंप ऑफ चिकनचं २००१ चं 'तेन्ताई कान्सोकु' जास्त सोयीचं पडतं. ओकिनावाच्या मोंगोल ८०० चं 'चिईसाना कोई नो उता' त्याच वर्षीचं, इंडी अल्बममधलं, आणि तो अल्बम पुढे ओरिकॉनवर पहिला आला, तीन वाद्यं आणि एक चाल, शेवटी सगळे एकत्र गातात.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांची एन्ट्री मात्र ॲनिमेतून झालेली, 'नारुतो' ची ओपनिंग्ज, एशियन कुंग-फू जनरेशनचं 'हारुका कानाता', फ्लोचं 'गो'. इथे एक गोची होते. टीव्हीवर दीड मिनिटाचा तुकडा ऐकून गाणं पाठ झालेलं असतं, मशिनवर लावलं की पूर्ण गाणं सुरू होतं, पहिली साबी झोकात जाते आणि दुसऱ्या कडव्याला शब्द सोडा, चालही ओळखीची वाटत नाही. जायच्या आधी पूर्ण व्हर्जन ऐकून जा. वाचायची भीती मात्र बाळगू नका, स्क्रीनवर कांजीच्या (चिनी चित्राक्षरांच्या) डोक्यावर बारीक हिरागाना, म्हणजे उच्चार दाखवणारी सोपी लिपी, दिलेला असतो आणि गाण्याबरोबर अक्षरांचा रंग बदलत जातो, म्हणजे नुसता काना (हिरागानासारख्या उच्चाराच्या लिप्या) येत असेल, अगदी जपानीच्या सगळ्यात सोप्या एन५ परीक्षेची तयारी चालू असेल, तरी निभावतं.

पुढचा बदल मार्कांचा. डॅमच्या 'सेइमित्सु साइतेन' मध्ये वर सुरांच्या पट्ट्या सरकत येतात, तुमचा आवाज त्यावर बसला की पट्टी भरते, थरथर किती, खालून घेतलेली मींड किती, सगळं मोजतं. मग लोक मार्कांसाठी एकटेच जायला लागले, त्याला हितोकारा म्हणतात, आणि २०११ मध्ये टोकियोच्या कान्दा भागात फक्त एकट्या माणसासाठीचं 'वन-कारा' उघडलं. दुसरीकडे २००७ पासून हात्सुने मिकू या संगणकी आवाजाची व्होकालॉइड गाणी कराओकेत शिरली, जी गाणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेली, श्वास घ्यायला जागाच नाही. ती लिहिणारे पुढे माणसांसाठी लिहायला लागले, केन्शी योनेझु आधी हाची या नावाने लिहायचे, योआसोबी या जोडीतले आयासे तिथलेच. हिगेदानचं २०१९ चं 'प्रिटेंडर' या लोकांचं नाही, पण उंचीचा हट्ट तोच, साध्या पुरुषी आवाजाला ओरिजिनल पट्टीत ते झेपत नाही. जपानमधली मुलंही ते आधी एकटी जाऊन, की उतरवून, थोडी थोडी चढवत बसवतात आणि मगच मित्रांसमोर लावतात.