अरिबालोस

प्राचीन ग्रीसमध्ये अंगाला लावायचे सुगंधी तेल ठेवण्यासाठी वापरली जाणारी मातीची लहान, चित्रित कुपी. उंची बहुधा 5 ते 10 सेंमी., म्हणजे मुठीत मावेल एवढी. आजचे नाव पुरातत्त्वज्ञांनी सोयीसाठी रूढ केलेले आहे. अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयातील, डूरिस या चित्रकाराने रंगवलेल्या अशाच एका कुपीवर ‘असोपोडोरोसची लेकिथोस’ असे लिहिलेले आढळते. आज लेकिथोस म्हणून ओळखले जाते ते उंच, सडपातळ भांडे मात्र वेगळेच.

कुपीची खरी करामत तिच्या तोंडात आहे. पोट फुगीर, मान अतिशय अरुंद आणि वर रुंद, चपटी चकती; चकतीच्या मधोमध बारीक भोक. कुपी कलती केली की तेल भसकन न सांडता थोडे थोडे येते. चकती अंगावर फिरवून ते पसरवता येते आणि उरलेले भोकातून परत आत ओघळते. चकतीपासून खांद्यापर्यंत एक कान असतो. त्यात चामड्याची वादी ओवून मल्ल कुपी मनगटाला अडकवत. कसरतीनंतर तेल, धूळ आणि घाम खरवडून काढण्याची वाकडी धातूची पट्टी, स्पंज आणि ही कुपी असा संच अथेन्सच्या चषकांवर वारंवार चितारलेला दिसतो.

या कुप्यांचे मुख्य केंद्र कॉरिंथ हे ग्रीक शहर. तिथली माती बारीक आणि फिकट पिवळसर असते. अथेन्सची लोहयुक्त माती भाजल्यावर नारिंगी होते, त्यामुळे तुकडा हातात घेताच दोन्हींतला फरक बहुधा कळतो. भांड्यांवरच्या चित्रांतला काळा रंग हा वेगळा रंग नव्हेच. तीच लोहयुक्त माती पाण्यात निवळून घेतलेला तो अतिशय बारीक लेप असतो. इ.स.पू. 700 च्या सुमारास कॉरिंथच्या कारागिरांनी आकृती काळ्या लेपाने भरून तिच्यातले बारकावे टोकदार हत्याराने कोरण्याची पद्धत सुरू केली. आयाळ, पिसे, स्नायू यांच्या रेषा लेपाखालच्या मातीपर्यंत कोरल्या जात. वर जांभळट तांबडा रंग, क्वचित पांढरा.

भाजणी एकाच भट्टीत, पण तीन टप्प्यांत होई. आधी हवा खेळती ठेवून तापवणे. मग झरोके बंद करून ओले लाकूड घालणे, ज्याने धूर कोंडतो आणि सगळे भांडे काळे पडते. शेवटी पुन्हा हवा. 900 अंश सेल्सिअसच्या आसपास लेप काचेसारखा घट्ट होतो आणि हवेला आत शिरू देत नाही, म्हणून तो काळाच राहतो. सच्छिद्र माती मात्र मूळ रंगावर येते. दुसऱ्या टप्प्यात आच कमी पडली तर लेप घट्ट होत नाही आणि शेवटी तांबूस होऊन बसतो. पातळ लावलेला लेप तपकिरी दिसतो. कॉरिंथच्या भांड्यांवर तो पुढे पोपडे होऊन निघतोही, आणि मग कोरलेल्या रेषांवरूनच चित्र ओळखावे लागते.

आकार काळागणिक बदलत गेला: आधी गोल, मग अंडाकृती, मग बुडाशी निमुळता आणि इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा गोल. सिसिलीतील ग्रीक वसाहतींची स्थापनावर्षे ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसच्या वृत्तांतावरून काढता येतात (सिराक्यूज इ.स.पू. 733 च्या सुमारास). तिथल्या सर्वांत जुन्या थडग्यांत कोणता आकार मिळतो, हे पाहून कालक्रम बसवला गेला. क्षुल्लक वाटणारी ही कुपी उत्खननात इतकी मोलाची ठरते ती याच कारणाने.

ब्रिटिश म्युझियममधील मॅकमिलन अरिबालोस (इ.स.पू. सु. 640) जेमतेम 7 सेंमी. उंच आहे. तोंड सिंहाच्या मस्तकाचे. खाली एकाखाली एक ढालधारी सैनिकांची झुंज, घोड्यांची शर्यत आणि सशाची शिकार. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातील अथेन्सच्या एका कुपीवर (इ.स.पू. सु. 480–470) वैद्य रुग्णाच्या हाताची शीर उघडताना दिसतो. कॉरिंथच्या भरघोस उत्पादनात पुढे पुढे कामातली सफाई कमी झाली: प्राण्यांच्या ठरावीक रांगा आणि रिकामी जागा भरायला फुलांचे ठिपके. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्रित भांड्यांची बाजारपेठ अथेन्सकडे गेली.